पाच शब्द आणि एक दोरा

उमरगा,
४ सप्टेंबर २०२५

प्रिय शरणम्मा,

तुझ्या राजशेखरचे चार फोन आले आणि चारही मी उचलले नाहीत. रुसू नकोस. सव्वीस वर्षं एका दवाखान्यात आपण दोघींनी ड्यूट्या केल्या, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. बोलायचं नसलं की मी देवाचाही फोन घेत नाही. लेकाला एवढंच सांग, आजीच्या, अव्वांच्या जागेवर बांधायच्या चौथऱ्याचा दगड अजून घडवायला टाकू नको. कारण सांगते, पण आधी माझा संताप ऐकून घे.

गेल्या महिन्यात पुण्याहून एक पथक आलं होतं, त्र्याण्णवच्या भूकंपात मदतीला गेलेल्यांचं रक्त तपासायला. ढिगाऱ्याची धूळ छातीत भरलेली आणि नको ते पाहिलेली माणसं लवकर विसरायला लागतात का, आणि ते घरच्यांच्या लक्षात येण्याआधी रक्तात दिसतं का, हे त्यांना शोधायचंय. शोधा बापडे. पण तेव्हा तीन आठवडे आम्ही तिथं होतो, बाई जेवलीस का असं कुणी विचारलं नाही. मिळालं काय, तर एक प्रमाणपत्र, त्यावर माझं नाव नीलाऐवजी 'निळा', आणि एक स्टीलचा डबा, ज्याचं झाकण पहिल्या दिवसापासून बसत नाही. आता बत्तीस वर्षांनी आमची आठवण झाली, तीही आमची आठवण शाबूत आहे का ते बघायला.

तपासणीला अस्मिता नावाची डॉक्टर होती, असेल अठ्ठावीसची. मी म्हातारी म्हणजे बहिरीच, असं धरून ती ओरडून बोलत होती. फॉर्मवर प्रश्न होता, त्या घटनेची आठवण तुम्हाला किती त्रास देते, शून्य ते चार. पाच लिहू का विचारलं, तर म्हणाली तसा रकाना नाही. रक्त काढणाऱ्या मुलीनं दोनदा शीर चुकवली. तिसऱ्यांदा मी सुई तिच्या हातातून घेणारच होते. मग म्हणे, काकू, हे पाच शब्द लक्षात ठेवा: टोपी, गाजर, पूल, रेशीम, लाल. मध्ये घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात नन्सनी माझ्याकडून पानंच्या पानं इंग्रजी कविता घोकून घेतल्या, एक शब्द चुकला की पट्टी. आणि ही मला गाजर विचारते.

त्याच नन्सनी अक्षर घोटून घेतलं म्हणून मी भूकंपाच्या गावाकडं निघालेल्या त्या पहिल्या जीपमध्ये गेले, हे तुला आठवत असेल. मोठे डॉक्टर म्हणाले, नोंदी वाचता येतील अशा लिहिणारी एकच सिस्टर आहे. तू वॉर्डात होतीस, मोडलेल्या हाडांची रांग व्हरांड्यापर्यंत आलेली, तुला कुणी सोडेना. आणि तुझं माहेर तेच गाव. जीपच्या खिडकीत हात घालून तू म्हणालीस, "सिस्टर, माझी अव्वा बघ."

तिथं काय होतं ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. नावं विचारायला कुणी शिल्लक नव्हतं. म्हणून तुमच्याच लिंगायत लोकांनी एक रीत घालून दिली. गळ्यात लिंग असलं की ते माणूस धोंडप्पांच्या शेतात, बसवून पुरायचं. गळा मोकळा असला की ओढ्याकाठी, चितेवर. त्या गोंधळात तीच एक शहाणपणाची गोष्ट होती. मी स्वतः ती वहीत पहिल्या पानावर लिहिली होती.

रक्ताचा अहवाल परवा आला. एक प्रथिन असावं त्यापेक्षा जास्त आहे. अस्मितानं फोनवर समजावलं, या खेपेला ओरडली नाही. हा आजार नव्हे, नुसती खूण आहे, काही न होताही राहील, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आमचे नारायणराव म्हणाले, विसरायचंच असेल तर माझ्या चुकांपासून सुरुवात कर. दिवसभर स्वतःच्या विनोदावर खूष होते. पण तेव्हापासून गॅस बंद आहे का ते दोनदा बघून येतात, आणि मला दिसणार नाही असं बघतात. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसानं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, त्याची ही पाळत मला त्या प्रथिनापेक्षा जास्त झोंबते.

आता त्या पाच शब्दांचं. टोपी, गाजर, पूल, लाल एवढे मी धडाधड सांगितले. मग थांबले, आणि तोंडातून निघालं, दोरा. ती हळूच म्हणाली, "काकू, दोरा नव्हता. रेशीम होतं." आणि काहीतरी खुणा केल्या. तिच्या लेखी मी एक शब्द चुकले. माझ्या लेखी मात्र बत्तीस वर्षं दाताखाली धरलेला शब्द मला न विचारता बाहेर आला होता. उद्या असाच तो शेजारणीपुढं येईल, तुझ्या सुनेपुढं येईल. नाहीतर साफ पुसला जाईल, आणि मग सांगणारं कुणीच उरणार नाही. तिसऱ्या दिवशी अव्वा सापडल्या, शरणम्मा. हनुवटीवरच्या गोंदणावरून ओळखल्या. मी त्यांचा चेहरा धुतला, आणि दवाखान्याची आपली सवय, मयताच्या अंगावरचं काढून रुमालात बांधायचं आणि नातेवाइकांच्या हाती द्यायचं. ड्रेसिंगच्या कात्रीनं मी गळ्यातला दोरा कापला आणि लिंगाची चांदीची पेटी तुझ्यासाठी एप्रनच्या खिशात ठेवली. ते लिंग माणसाबरोबर, तळहातावर ठेवून पुरायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. रीत वहीत लिहिणारी मीच, आणि कापताना ती माझ्या ध्यानात आली नाही. तेवढ्यात कुणी जिवंत सापडलं म्हणून हाक आली, मी धावले. परत आले तर जागा रिकामी होती. उचलून नेणाऱ्यांनी मोकळा गळा बघितला आणि ओढ्याकडं नेलं. चार दिवसांनी तू आलीस आणि विचारलंस, "गळ्यात होतं न्हवं, सिस्टर?" मी म्हणाले, "होतं." आणि धोंडप्पांच्या शेतातलं तिसरं लिंबाचं झाड दाखवलं. तू दरवर्षी तिथं विभूती आणि फुलं वाहिलीस, मी शेजारी हात जोडून उभी राहिले. आता राजशेखर तिथं दगड बसवणार, आणि नेमकी जागा दाखवायला मला बोलावतोय. तिथं अव्वा नाहीत. पेटी माझ्या कपाटात आहे, कापलेल्या दोऱ्यासकट. ती टपालानं पाठवायची वस्तू नव्हे. तू येऊन घेऊन जा, आल्यावर काय बोलायचं ते बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही. ओढ्याकाठची जागा मला अजून पावलापर्यंत आठवते. पण लवकर ये.

तुझीच म्हणवून घ्यायचं की नाही, हे आता तुझ्या हाती,
नीला