दारातला चहा

शाहूपुरी, कोल्हापूर
१० मार्च २०२५

ती. जोतीराममामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कानयंत्र लावत नाही, म्हणून पत्र. विद्यापीठात व्यवस्थापक म्हणून रुजू झाले खरी, पण पुण्यात वाढलेल्या तुमच्या भाचीला इथलं पाणी मानवेना. भूगोल आणि भूशास्त्र विभागांनी एकच प्रयोगशाळा वापरावी, एवढंच ठरवायला शनिवारी दुपारी बैठक लावली. एकही प्राध्यापक फिरकला नाही. सगळ्यांचं कारण एकच, घरगुती काम! मागवलेले वडे मी आणि शिपाई शालूबाईंनी संपवले. काल आलेल्या बाईनं आपल्याला शहाणपण शिकवू नये, असंच त्यांना वाटत असणार. रडू आलं हो. राजीनामा लिहून ठेवलाय.

मामींना नमस्कार.
तुमची,
अनुजा

हातकणंगले
१३ मार्च

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

अगं येडे, शनिवारी फुटबॉलची फायनल होती! त्या दिवशी कोल्हापुरात कुणी लग्नसुद्धा धरत नाही, तू बैठक धरलीस. भूशास्त्राचे हंबीरराव सर तर जुने गोलकीपर. मॅचला गेलो असं लेखी कोण देईल? मामी हसून हसून बेजार झाली.

मी तुमच्या विद्यापीठात अधीक्षक असताना फक्त व्हय सर म्हणायचो आणि फाईल पुढं सरकवायचो. निर्णय सरांचे, शिव्याही त्यांनाच. आता जाब विचारायचं काम तुझं, म्हणून शिव्याही तुलाच. पण प्राध्यापकांना ईमेलनं बोलावू नकोस, अकराच्या चहाला त्यांच्या विभागात जा. आम्ही ऑफिसवाले तो चहा दारात उभ्यानंच प्यायचो. नोकरी संपली तरी आत या असं कुणी म्हटलं नाही. तेव्हा काही वाटलं नाही, आता कधीकधी वाटतं.

राजीनामा बंबात घाल. खुशाली कळव.
तुझा मामा

शाहूपुरी
१८ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

गेले भूशास्त्रात चहाला. आधी फायनल कशी झाली ते विचारलं, त्यातच चहा गार झाला. मग तारीख धरण्याआधी इचारायचं की, म्हणून हंबीरराव सरांनी मला झापलं. मीही विचारलं, तुमची प्रयोगशाळा निम्मा आठवडा कुलपात का असते? मग सरांनीच भूगोलवाल्यांना बोलावून घेतलं. कुरकुर आहे, पण जूनपासून प्रयोगशाळा दोघांची. राजीनाम्यावर तुमच्या भाचीचं आंघोळीचं पाणी तापलं.

दुसरा चहा आला तेव्हा सरांनी मला खुर्ची ओढून दिली. मला तुमची आठवण आली, आणि मी दारातल्या चहाचं सांगून टाकलं. सरांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, जोतीरामला बसा म्हणायचं आमच्या कधी ध्यानातच आलं न्हाय, सोमवारी त्याला घिऊन या.

तेव्हा सोमवारी नक्की या, आणि कानयंत्र लावून या. सर तुम्हाला बसा म्हणतील, ते तुम्हाला ऐकू आलं पाहिजे.

लोभ पत्रातून नको, या वेळी स्वतःच घेऊन या.
तुमची,
अनुजा