क्रेनखाली कोण जाईल

नागपूर, मंगळवार, मे १९७६

अजून राग उतरला नाही. सकाळी कामावर तपासणी केली तर क्रेनच्या सिलिंडरमधून तेल गळत होतं, टांगलेला लोखंडी गर्डर आपसूक खाली येत होता. फोरमन म्हणजे माझा साळाच. त्याले म्हटलं, सील बदलेपर्यंत क्रेन बंद. तो हसला.

"भाऊजी, तुम्ही तर भिऊन राहिले!"

"मंग तूच उभा राहा खाली."

त्यानं वर पाहिलं, मागं सरला आणि हमाल गणपतले म्हणाला, "तू जा गा."

तू जा गा! काहून? गणपतचा जीव काय रस्त्यावर पडला?

मी गर्डर उतरवला, क्रेनची किल्ली घेतली आणि सरळ घरी आलो. बायकोले सांगितलं, तुझा भाऊ या घरात नको. त्याच्यासाठी झाकून ठेवलेला आमरस तिनं पोरांच्या वाट्यांत ओतला.