मंगळवारची अपॉइंटमेंट

बेंगळुरू, ८ जून २०२५

ती. इंदूआत्यास,
पायलचा सविनय जयभीम. वि. वि.

तू तुझा फोन कपाटात साड्यांखाली ठेवलायस, असं गणेशदादाने सांगितलं. त्याच्या फोनवर बोलावलं तर म्हणे लगेच कुकर बघायला जातेस. एवढ्या शिट्ट्या कुणाच्या घरी होतात गं? इतके महिने दादाकडून खुशाली घेऊन मी गप्प बसले, आता कागद घेतलाय. अंगणवाडीत मुलांची अक्षरं तपासायचीस, तशी माझीही तपास.

माझी नोकरी पक्की झाली. लोक मोबाईल वापरताना कुठे अडतात ते बघायचं आणि तिथे तो सोपा करून घ्यायचा, हे आमचं काम. आमच्या काशीगावच्या खोलीत टेबल मावेना म्हणून या कामाच्या कोर्सचं अख्खं वर्ष तुझ्याकडे काढलं, तुझ्या हातचं खाल्लं, आणि मुलाखतीला म्हणून आले ती इथलीच झाले. एकदाही भाईंदरला आले नाही, लाज वाटते. डोळ्यांच्या हॉस्पिटलचं ॲप वापरताना मी कोर्ससाठी काढलेला तुझा तो व्हिडिओ इथे नव्या मुलांना दाखवतात. त्यावरच मला घेतलं. सगळे तुला इंदू आंटी म्हणतात.

रागावली असशील तर शिव्या दे, पण लिही. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
पायल


भाईंदर (पूर्व), १७ जून २०२५

चि. पायल हीस,
आत्याचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गणेश म्हणाला, आता पोस्टमनलाही चहा पाजावा लागणार. नोकरी पक्की झाली म्हणून केबिन रोडवरून पेढे आणवले, तुझ्या वाटचे मीच खाल्ले. लोकांना अडखळताना बघायचा पगार मिळतो, हे शेजारच्या चंपाबेनला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. म्हणाली, मग मी तर रोज फुकटात बघते.

राग कसला? मोबाईल मला जमत नाही, एवढंच. दिवाळीनंतर तू मुलाखतीला गेलीस ना, त्याच मंगळवारी आपण घेतलेल्या अपॉइंटमेंटला मी जाऊन आले. तिथे माझं नावच नव्हतं. माझंच बोट कुठेतरी चुकलं असणार. तेव्हाच ठरवलं, नको ती भानगड. बोलणार नव्हते, ओघात आलं. मनाला लावून घेऊ नकोस. ओळी तिरक्या गेल्यात, सांभाळून घे.

पोटाची आबाळ करू नकोस, आणि पत्राला उशीर लावू नकोस.

तुझी,
इंदूआत्या


बेंगळुरू, २४ जून २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

आत्या, तुझं बोट चुकलं नव्हतं. ते ॲपच खोटं होतं गं. आमच्यात आधी नुसता नमुना करतात. बटण दाबलं की पुढचं चित्र येतं, मागे काहीच नसतं. हॉस्पिटलला काही कळत नाही. हे तुला आधी सांगणं माझं काम होतं आणि मी विसरले. दिव्यांभोवती कडी दिसतात अशी तुझी तक्रार होती, म्हणून मुद्दाम डोळ्यांचंच काम दिलं. खरी गरज असली की माणूस खरं वागतं, असं शिकवलं होतं. नावही भाईंदरातल्या खऱ्या हॉस्पिटलचं टाकलं.

इथे त्या व्हिडिओचा मधलाच तुकडा दाखवतात. काल मी शेवटपर्यंत पाहिला. शेवटी तू विचारतेस, मग मंगळवारी जायचं ना? आम्हाला शिकवलेलं असतं की समोरच्याने काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, उलट त्यालाच विचारायचं. मी हसत विचारलं, तुला काय वाटतं? तू म्हणालीस, जायचं. आणि मी छान म्हणून रेकॉर्डिंग बंद केलं.

नंतर डोळे दाखवलेस ना? खरं सांग, माझी शपथ आहे.

तुझी अपराधी,
पायल


भाईंदर (पूर्व), ३ जुलै २०२५

चि. पायल हीस,
जयभीम, आणि आशीर्वाद.

शपथ घातलीस म्हणून लिहिते. नाहीतर हे पत्र आलं नसतं.

त्या दिवशी चांगली साडी नेसून रिक्षाने गेले. काउंटरवरची मुलगी हिंदीतून सांगत राहिली की नाव नाही, रांगेत बसा. मी कशाला बसू? माझी वेळ ठरलेली! तिला सुनावलं, की माझ्या भाचीने समोर बसून घेतलीय, ती शिकलेली आहे, तिचं चुकणार नाही, तुमचंच रजिस्टर नीट बघा. मागचे लोक हसायला लागले. एकाने विचारलं, आजी, मोबाईलवर गेम खेळलात काय? मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच घरी आले आणि गणेशला सांगितलं, डॉक्टर म्हणाले काही नाही. पुन्हा त्या दारात पाय ठेवायची हिंमत झाली नाही.

भीमजयंतीच्या मिरवणुकीत उजव्या बाजूची बाई दिसलीच नाही, जाऊन धडकले. मग गणेशने धरून नेलं. काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची नजर गेली, ती परत येत नाही म्हणाले. डाव्यात थेंब घालतो गणेश, तो राहील. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणायला लागले तेव्हा मी गणेशला औषधं आणायला बाहेर पाठवलं. तुझी नोकरी नवी, म्हणून तुला कळवू नको असं त्याला बजावलं होतं. त्या मंगळवारचं मात्र त्याला माहीत नाही. तूही सांगू नकोस.

रडू नकोस. लोभ आहेच.

तुझी,
इंदूआत्या


बेंगळुरू, ९ जुलै २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

ऑफिसच्या जिन्यात बसून पत्र वाचलं. तू माझ्या नावाने भांडलीस, हेच सोसत नाही. चार शिव्या हासडल्या असत्यास तर बरं झालं असतं.

व्हिडिओ काढून टाकायला लावला. आमच्या रसिका मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चुका सगळ्यांच्या होतात. मला ते ऐकायचं नव्हतं. राजीनामा लिहून ठेवलाय. तू हो म्हण, की देते आणि भाईंदरला येते. तुझे थेंब मी घालीन. ज्या नोकरीपायी तुझा डोळा गेला ती मला नको. दादाला मी सांगणार, माझ्याने लपवलं जाणार नाही.

माफी मागत नाही. तेवढं तोंड नाही मला.

पायल


भाईंदर (पूर्व), १६ जुलै २०२५

चि. पायल हीस,
जयभीम. आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐकून घे.

गणेशला मीच सांगितलं. आधी माझ्यावरच ओरडला, की हसले तर हसले, रांगेत बसायला काय झालं होतं? खरंच आहे त्याचं. तुझ्यावरही चिडलाय. फोन करेल, तो बोलेल ते ऐकून घे.

मला राग आला नाही असं समजू नकोस. ते ॲप खोटं होतं हे तू कळवलंस, त्या दिवशी आला. तोवर मी आपल्या बोटालाच दोष देत होते. एवढंच म्हणायचं होतंस गं, की आत्या, हे खोटं आहे. चार शब्द. तेवढे निघाले नाहीत तुझ्या तोंडून.

आणि आता राजीनामा? पुन्हा नाव काढलंस तर बेंगळुरूला येऊन मुस्काटात देईन. वाट दिसण्यापुरता एक डोळा आहे अजून. तू घरी येऊन बसलीस म्हणून गेलेला परत यायचा नाही. त्याच्या बदल्यात आपल्या घरात ही एक नोकरी आली. तीही घालवलीस तर माझा डोळा फुकट गेला म्हणायचा.

मुकाट कामाला जा. आशीर्वाद.

तुझी,
इंदूआत्या