व्यवस्थापकाच्या खुर्चीचे नातेशास्त्र

इंदापूर,
फेब्रुवारी १९९७

राजमान्य राजश्री बापूसाहेब यांच्या चरणी मेहुणे आबाजी यांचा सक्रोध नमस्कार. आपल्या गुडघ्यास उतार पडला असेल. नसल्यास या पत्राने रक्ताभिसरण निश्चित वाढेल. आपली भगिनी (म्हणजे माझी पत्नी) प्रकृतीने ठणठणीत आहे.

पत्रास कारण घोर मानहानी. आपल्या चि. दिग्विजयास माझ्या पशुखाद्य गिरणीचे व्यवस्थापकपद द्यावयाचे, हे गेल्या लग्नसराईत जिलबीच्या साक्षीने ठरले होते. परंतु मध्यंतरी प्रतीक्षा नामक एक विदुषी विद्यापीठातून 'व्यवसायातील समता व वैविध्य' या विषयाच्या संशोधनार्थ येथे अवतीर्ण झाली. मी सविनय निवेदन केले की, आमच्याकडे वैविध्य विपुल आहे: वजनकाट्यावर चुलतभाऊ, गोदामात मामेभाऊ, वसुलीवर साडू, आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीत (चि. दिग्विजय येईपर्यंत हंगामी) निद्रिस्त भाचा झुंबर. तिने प्रत्येकास त्याच्या पदाची पात्रता विचारली. तिघांनी माझ्याशी असलेले नाते सांगितले. झुंबरने मान दुसऱ्या खांद्यावर टाकली.

तोच खाद्यमिश्रणावरील लीलाबाई (हिचा या गिरणीत कोणीच नातलग नाही, म्हणून हिला काम करावे लागते) पेंडीचे हात पदराला पुसत पुढे आली. "ताई, येवढं लिवा. ह्या खुर्चीत बसायचं तर मालकांच्या कंच्या पावण्यात जलमावं लागतं?"

"तुम्हाला खुर्ची कशाला हवी?" मी गरजलो.

"बसाया न्हाय वो. गिऱ्हाईक आलं की ह्येला उठवाया कुणीतरी अधिकाराचं माणूस पायजे का न्हाय?"

अखिल गिरणी हसली. साडूही हसला, ज्याचे आजवरचे सर्व हास्य माझ्या अन्नावर पोसलेले आहे. बापूसाहेब, माझ्या संतापास सीमा उरली नाही; मात्र तो कोणावर करावा याचा निर्णय होईना. विदुषीवर करावा, तर तिने केवळ प्रश्न विचारले. लीलाबाईवर करावा, तर मिश्रण थांबते. उरले ते सर्व आपलेच, आणि त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार मी त्यांना कामावर ठेवतानाच गमावला. अखेर मी तो संताप टेबलावर काढला. मनगट सुजले आहे. इतक्या गदारोळातही झुंबर जागा झाला नाही, याचा संताप वेगळा.

विद्यापीठांनी उसावर संशोधन करावे, गाईंवर करावे. सज्जनांच्या सोयरिकीत नाक खुपसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वडीलधाऱ्यांस दंडवत, लेकरांस आशीर्वाद, व्याह्यांस यथायोग्य.

आपला प्रज्वलित,
आबाजी

ता. क. : सोमवारपासून खुर्ची लीलाबाईंना दिली आहे. वचनभंगाचे पातक विद्यापीठावर ढकलावे. घरी आपल्या भगिनीसमोर मी तेच केले.

आणखी ता. क. : चि. दिग्विजय काल वळकटीसह येऊन थडकला. मी तोंड उघडण्यापूर्वीच लीलाबाईंनी "पोती शिवता येत्यात का, पावनं?" असे विचारून त्याच्या हाती दाभण दिला. आपण सत्वर येऊन त्याला घेऊन जावे. आणखी दोन दिवसांत त्याला काम येऊ लागेल, आणि मग बाकीच्या पाहुण्यांना मी काय तोंड दाखवू?