टेबलाचे पाय

ता. ६ जून

चि. ठोक्यास, अ. उ. आ.

तू ठोकून दिलेलं टेबल भक्कम आहे, पण माझा हात गेला. घाबरू नकोस, जागेवर आहे. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालंय. सुई टोचली तरी पत्ता लागत नाही. परवा कात्री निसटून शिंपीमास्तरांच्या पायावर पडली. ते म्हणाले, असंच चाललं तर तुरपाई सोडा, इस्त्रीला उभ्या राहा. हयात सुईवर काढली, आता इस्त्री फिरवू?

डॉक्टरला हात दाखवला तर विचारतो, बसता कशा? म्हटलं, बुडावर. हसला नाही मेला. बसून दाखवायला लावलं. खांदे कानाला, मान कापडात, कोपर दुमडून काठावर टेकलेलं. म्हणाला, कोपराच्या आतल्या अंगाने एक नस या बोटांकडे जाते. ती तुम्ही दिवसभर काठावर दाबता आणि रात्री हात उशाखाली मुडपून झोपता. बसणं बदला, नाहीतर पंजातली ताकद जाईल.

टेबल माझ्या छातीला लागतं. कुणाच्या मापाने केलंस? लवकर कळव, करवत माझ्याकडेही आहे.

लोभ ठेव, अक्कलही ठेव.
ताई

ता. १७ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून ही म्हणाली, वन्सं आपण होऊन डॉक्टरकडे गेल्या म्हणजे दुखणं साधं नाही. मलाही काळजी वाटली.

टेबल माझ्याच मापाने केलं. तू कधी माप द्यायला थांबलीस? दर वेळी ‘कर तुझ्या मनाने’ म्हणून पळालीस. तू माझ्या खांद्याला लागतेस, हे मनात आलंच नाही. पण कापू नकोस, कापलेलं लाकूड जोडता येत नाही. महिनाअखेर येतो. तोवर उंच स्टुलावर बस, पायाखाली फळी घे.

राग पत्रात काढ, लाकडावर नको. माया असू दे.
ठोक्या

ता. ९ ऑगस्ट

चि. ठोक्यास, अ. उ. आ.

महिनाअखेर म्हणालास, कुठल्या वर्षाची ते लिहिलं नाहीस. स्टुलावरून दोनदा घसरले, मग कापले पाय. एक जास्तच कापला गेला. खाली चिंध्या कोंबल्यात, तरी टेबल डुगडुगतं.

पण खांदे उतरले, कोपर काठावर टेकत नाही. रात्री कोपराला टॉवेल गुंडाळते, म्हणजे हात मुडपत नाही. तुझे भावोजी म्हणतात, शेजारी मुसळ घेऊन झोपल्यासारखं वाटतं.

मास्तर इस्त्रीसाठी दुसरी बाई बघणार होते, आज सकाळपर्यंत बघितली नव्हती. मीच इस्त्रीला येईन म्हणून वाट बघत होते. दुपारी टेबल डुगडुगलं आणि सुई करंगळीत घुसली. अशी किंचाळले की मास्तर इस्त्री टाकून धावत आले. दुखलं, ठोक्या. चांगलं सणसणून दुखलं. मास्तर पुढचा कोट तुरपाईला माझ्यासमोर ठेवून गेले.

आता येऊन नवं टेबल कर. या वेळी माप द्यायला बसते.

आहे तसा जीव लावत राहा, फक्त तारीख पाळ.
ताई