सात नंबरचा हीटर

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. त्या मिनिटाला सगळं फिरलं.

हॅचरीच्या आवारात मी चार नंबरच्या व्हॅनचा मागचा दिवा बसवत होतो. तेवढ्यात रुपचंद नाना सात नंबर घेऊन परत आले. पहाटे चारला, यंदाच्या पहिल्या कडाक्याच्या थंडीत निघाले होते, पाचोऱ्याच्या फार्मवर कोंबडीची पिल्लं द्यायला. फार्मवाल्याने उतरवूनच घेतली नाहीत. नानांनी मागचं दार उघडलं — आणि आवाज नाही. तीन हजार पिल्लं असतात त्या डब्यात, एक दिवसाची. एरवी दार उघडलं की कान किटतात. आज कुठेतरी तळाच्या खोक्यातून थोडीशी चिवचिव. बाकीची एकमेकांवर चढून गार पडलेली.

सुलक्षणा आतून धावत आली. नानांची मुलगी. हॅचरीत पिल्लांना लस टोचते. तिने एका खोक्याचं झाकण काढलं, परत लावलं. मग बापाकडे पाहिलं. ते पाहणं दिवसभर डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

गाड्यांचे सुपरवायझर जितेंद्र साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "डिझेल वाचवायला हीटर बंद ठेवला ना, नाना?"

नाना एवढंच बोलले, "मी नही करं बंद."

बावीस वर्षं गाडी चालवतोय हा माणूस! पण हीटर लावला की डिझेल जास्त जळतं असं सगळे ड्रायव्हर मानतात, आणि डिझेल वाचवणाऱ्याला इथे बक्षीस आहे. म्हणून सगळ्यांना पटलं. मंगळवारी निकाल, तोवर घरी बसा, असं नानांना सांगितलं.

मी साहेबांची कॉलर धरली. चौकीदाराने सोडवलं.

कॉलेजातही असंच झालं होतं. जळगावला डिप्लोमाचं दुसरं वर्ष, लॅबवाल्या सरांवर स्टूल उगारलं, आणि फैजपूरला घरी तोंड दाखवायचं नाही म्हणून इथे धुळ्यात, नूर महंमद चाचांच्या गॅरेजात. डोकं आधी तापतं, अक्कल मागून येते.

२० डिसेंबर, शनिवार

सात नंबर गॅरेजात आणली. हॅचरीच्या बाराही गाड्या चाचांकडेच येतात. जितेंद्र साहेब स्वतः आले, माझ्याकडे न बघता. इंजिन चालू केलं, हीटरचं बटण फिरवलं. दिवा लागला. पंखा लागला. साहेबांनी मागच्या डब्यात हात धरला. म्हणाले, कोमट येतंय की! चालू आहे तुमचा हीटर. आणि गेले.

दुपारी एक वाजता, डिसेंबरातलं असलं तरी धुळ्याचं ऊन, कोमट नाही येणार तर काय! पण कोमट म्हणजे गरम नव्हे. बटणातच दोष आहे, माझी खात्री. आणि नानांना कळणार तरी कसं — गरम हवा फक्त मागच्या डब्यात जाते, पुढे दिवा तेवढा दिसतो.

सुलक्षणाला मेसेज लिहिला. सात वेळा लिहिला. पाठवला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

वाईट दिवस. चार नंबरचं बटण काढून सातला लावलं. सातचं चारला. चार नंबरमध्ये कडकडीत गरम हवा, सातमध्ये तेच कोमट. म्हणजे बटण चांगलं. तपासायचं मशीन लावून पाहिलं — हवेची झडप पूर्ण उघडते. वायर चांगली. फ्यूज चांगला. सगळंच चांगलं! जितकं तपासतोय तितके नाना खोटे ठरतायत.

पाना आपटला. चाचा मडगार्डवर बसून चहा पीत होते. म्हणाले, आशिक मेकॅनिकचा पाना नेहमी उलटा फिरतो. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. मी कुणाकडे बोललेलो नाही. मग म्हणाले, थंडीचं दुखणं उन्हात बघतो का रे? उद्या पहाटे ये.

संध्याकाळी ती स्वतः गॅरेजवर आली. स्कार्फ बांधलेला, स्कूटी बंद न करताच.

"दीपक, खरं सांग. बाबांनी बंद केला होता का?"

"नाही."

"मग ते दाखवून दे. घरात ते कोणाशीच बोलत नाहीत."

आणि गेली. माझं नाव घेतलं तिने. अशा वेळीही मला तेच आठवतंय, लाज वाटते.

२२ डिसेंबर, सोमवार

साडेपाचला चाचा आणि मी. तोंडातून वाफा. इंजिन चांगलं तापू दिलं. हीटरला गरम पाणी नेणारे-आणणारे दोन रबरी पाइप असतात. चाचांनी माझी दोन्ही मनगटं धरून हात त्या पाइपांवर ठेवले. एक चटका बसेल असा. दुसरा जवळजवळ गार.

पाणी फिरतच नव्हतं. थोडं झिरपत होतं, तेवढंच कोमट.

चाचांनी इंजिन निवू दिलं, गरम पाइपाची क्लिप सोडली, पाइप वाकवला. आतून बोल्ट पडला. अंगठ्याएवढा.

हे आम्हीच करतो. मे महिन्यात पंचेचाळीसचा पारा, त्यात हीटरचं पाणी फिरत राहिलं की डबा भट्टीसारखा तापतो. म्हणून पाइपात बोल्ट घालून पाणी अडवायचं, वर क्लिप. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून पाइपाला लाल चिंधी बांधायची, हा चाचांचा नियम. दिवाळी झाली की जिथे चिंधी तिथला बोल्ट काढायचा. यंदा अकरा मीच काढले. सातला चिंधी नव्हती. मला वाटलं, तिचा हीटर कुणी बंदच केला नव्हता.

चाचांनी बोल्ट पुसला, रुमालात बांधला.

मी खोलीवर आलो आणि ही वही मागे उलटली. १४ मे. माझंच अक्षर — "आज सु. आली नानांबरोबर! सातचं काम वीस मिनिटांत उरकलं. ती म्हणाली, इतक्यात झालं? मी म्हटलं, आपलं काम असंच असतं."

तिच्याकडे बघत क्लिप मारली. चिंधी खिशातच राहिली असणार.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ठरवून गेलो, चाचांना सांगायचं. चाचा गॅरेजात नव्हते. साडेदहाला आले, हॅचरीतूनच. साहेबांच्या टेबलावर बोल्ट ठेवून सांगून आले होते — चूक गॅरेजची, त्यांची स्वतःची. रुपचंदचा काही दोष नाही. नाना उद्यापासून कामावर. बाराही गाड्या मात्र आता दुसऱ्या गॅरेजला जाणार. जितेंद्र साहेबांनी तिथेच ऐकवलं.

मी म्हटलं, "चाचा, ते मी केलं होतं."

"ठाऊक आहे. क्लिपचा स्क्रू आत वळवायची खोड तुझ्याशिवाय कुणाला आहे?"

"मग तुम्ही का —"

"बोर्डावर नाव कुणाचं आहे, बेटा?"

मग म्हणाले, रुपचंदला सांगू नको. त्याच्या घरात तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. गाड्या काय, दुसऱ्या येतील.

दुपारभर गॅरेजात एकही गाडी नव्हती. चाचांनी सगळे पाने रॉकेलमध्ये धुतले. स्वच्छ असलेलेही.

२४ डिसेंबर, बुधवार

सकाळी नानांचा फोन. आवाज पुन्हा मोकळा. "दुपारले जेवाले ये. तू मनाकरता साहेबनी कॉलर धरी. सुलक्षणा सांगस, त्याले बलावाच." भरीत आहे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मग म्हणाले, तुझ्या घरचे फैजपूरला कोण कोण असतात? सहज विचारलं, म्हणाले.

सात महिने याच फोनची वाट पाहिली.

जेवणानंतर सांगावं, असं तासभर मनाला पटवत होतो. नाही. तिच्या हातची भाकरी खाऊन मग सांगणं — तेही चोरून खाल्ल्यासारखंच. बसायच्या आधी सांगणार. ती समोर असतानाच. तिथून साहेबांकडे जायचं, चाचांच्या गाड्यांसाठी. कॉलर न धरता.

इस्त्रीचा शर्ट घातला होता. काढला. गॅरेजचाच घातला.

वही इथेच ठेवतो. निघालो. दार लावून घेतो.