निळ्या फुलांचं भांडं

प्रिय नलू,

आज पुन्हा बेसन करपलं. तू असतीस तर बाहेरच्या खोलीतून नुसत्या वासावरून ओरडली असतीस, "अहो, गॅस बारीक करा!" आता ओरडायला कुणी नाही, म्हणून कढई सिंकमध्ये टाकली आणि तुला लिहायला बसलो.

लाडू कशासाठी, विचारशील. फ्रिजवरचं ते निळ्या फुलांचं, झाकणाचं चिनीमातीचं भांडं आठवतं ना? ते परत द्यायला निघालोय, पुढच्या आठवड्यात, इराबरोबर. आपली नात गाडी चालवते आता! अगदी तुझ्यासारखी, मान पुढे काढून.

सिंगापुरात आपली गाडी कधीच नव्हती. बस आणि एमआरटीच्या रेल्वेत संसार झाला. तरी साठीला टेकल्यावर तू लायसन्स काढलंस, का, तर युरोपातली जुनी गावं सावकाश बघायची म्हणून. मी किती हसलो होतो! बोटीवरचा इंजिनिअर मी, तिथली बंदरं मला पाठ. पण बंदरामागचं गाव कधी पाहिलं होतं? ते तू दाखवलंस.

आणि मी काय केलं? शेजारी बसून घड्याळ बघितलं. बोट वेळेवर लागलीच पाहिजे, ही सवय गाडीतही घेऊन आलो. रोजचं गाव ठरलेलं, खोली ठरलेली, पोचायची वेळसुद्धा.

मध्येच मला शाळेतली कविता आठवायची आणि दुसऱ्या कडव्यात वळण चुकायचं.

"अहो कवी, डावीकडे की उजवीकडे?"

"कडवं तर पुरं करू दे."

"करा, करा. तोवर फ्रान्स येईल!"

कवितांमधले ओढे, कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, सगळं मला लहानपणापासून तोंडपाठ. पण खिडकीबाहेर तेच खरोखरीचं होतं, तेव्हा माझं डोकं नकाशात.

जर्मनीतल्या त्या नदीकाठच्या छोट्या हॉटेलात, खाली खानावळ आणि वर चार खोल्या, मालकीणबाईंनी तुला सकाळीच स्वयंपाकघरात नेलं होतं. तुला त्यांची भाषा येईना, त्यांना तुझी. तरी दोघी हसत होतात. सफरचंदाचा केक भट्टीतून नुकताच निघाला होता. पिठाच्या हातांनी तू बाहेर आलीस. "अजून एक रात्र राहू या का हो?"

"पुढच्या गावची खोली आपली वाट बघतेय," मी म्हणालो.

खोली वाट बघते का कधी, नलू? कसलं वाक्य बोललो मी!

केक निवेपर्यंतही थांबलो नाही. त्या बाई धावत आल्या आणि गरम केक स्वतःच्या या निळ्या फुलांच्या भांड्यात घालून गाडीच्या खिडकीतून तुझ्या मांडीवर ठेवला. त्या पुढच्या गावातलं मला आज काहीही आठवत नाही. काहीही नाही.

घरी आल्यावर म्हटलं, भांडं पार्सलनं पाठवू. तू चिडलीस. "रिकामं भांडं परत करतात का कुणी? भरून द्यायचं, आणि आपल्या हातानं." मग पुढच्या वर्षी जाऊ, म्हणालो. पुढच्या वर्षी तुझे गुडघे. त्यानंतर तुझं हृदय. पुसून ठेवताना तू दर दिवाळीला त्या भांड्याकडे बघायचीस आणि मी पेपरात तोंड घालायचो.

पण एक विचारू? रागावू नकोस. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी टेक्का मार्केटात भांडणारी तू, त्या सकाळी गप्प का बसलीस? गाडी तर तूच चालवत होतीस. किल्ली तुझ्या हातात होती गं!

इरा म्हणाली, "आजोबा, त्या लेडी खूप ओल्ड असतील ना? नसल्या तर?" मग तिनंच पाठीवर थाप मारली, अगदी सिंगापुरी ढंगात. "नेव्हर माइंड लाह. किचन तर असेल."

तिला एकच सांगितलंय, पुढची खोली ठरवू नकोस.

उद्या पुन्हा बेसन भाजीन, गॅस बारीक ठेवून. लाडू नीट जमेपर्यंत रोज भाजत राहीन. भांडं भरून, मांडीवर घेऊन जाईन. तिथं कुणीही असो, त्याच्या हातात देईन. आणि तुझी शपथ, त्यांनी केक केला, तर तो पुरता निवेपर्यंत टेबलावरून उठणार नाही.

तुझाच,
अहो कवी